पणकाकांनी कन्सोल घेतला

माझ्या थोरल्या काकांना घरात आणि घराबाहेर सगळेच पणकाका म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, इतकंच. खरं तर तोंडावर म्हटलं तरी ते रागावणार नाहीत. "नाव तसं बरोबर आहे, पण..." असं म्हणून विचारात पडतील.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड आजवर कशानंच पोळलेलं नाही, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पितात. फ्रिज घ्यायचा ठरला त्या वर्षी अख्खा उन्हाळा त्याचे गुणदोष बघण्यात गेला. फ्रिज घरात आला तेव्हा काकू स्वेटर घालून त्यात भाजी लावत होती.

गंमत म्हणजे काकांचा धंदाच लोकांकडून झटपट निर्णय काढून घेण्याचा आहे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे पडद्याआड एक उंच खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल, तपासणीची फ्रेम चढवायची आणि एकामागून एक काचा टाकत विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" दिवसभर दुसऱ्याला 'हे की हे' विचारणारा हा माणूस स्वतः मात्र बारा महिने तळ्यात-मळ्यात करत असतो.

काकूही पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली होती ती गिऱ्हाईक म्हणून. तिचा नंबर तसा साधाच होता, पण तो काढायला काकांना फार वेळ लागला. मग फ्रेम सैल वाटते म्हणून ती परत आली, मग घट्ट वाटते म्हणून. तिसऱ्या खेपेला काका पुन्हा "हे की हे?" करायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, काचा राहू द्या. तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका."

काका म्हणाले, "विचार करून सांगतो."

"करा. मी बाहेर बाकावर बसते."

आणि ती खरोखरच बसली. काकांच्या आयुष्यातला हा सगळ्यात जलद निर्णय, आणि तोसुद्धा बाकावर दुसऱ्या गिऱ्हाइकांना जागा उरली नाही म्हणून झाला, असं काकू सांगते.

तर अशा माणसावर कन्सोल निवडायची वेळ आली. टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, तो कन्सोल. घरातल्या वायरी जोडणं हे खातं पुतणी म्हणून माझ्याकडे आहे, त्यामुळे हा सगळा प्रकार मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून पाहिला.

झालं असं की काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे दूरच्या शहरात राहायला गेली. तिची मुलगी नऊ-दहा वर्षांची. इथं होती तेव्हा दुकानात येऊन फ्रेमा घालून बघायची आणि आजोबांचं डोकं खायची. तिकडे गेली आणि फोनवर एकदम गप्प झाली.

"जेवलीस का?"

"हो."

"शाळा कशी आहे?"

"बरी."

"अजून काय म्हणतेस?"

"काही नाही. आईला देते."

"वकिलानं पढवून ठेवल्यासारखी बोलते पोरगी," काकू म्हणायची. काका बोलणं संपल्यावरही फोन तसाच हातात धरून बसायचे.

मग एकदा ताईच म्हणाली, "बाबा, तिला कन्सोल घेतलाय. तिकडच्या जुन्या मैत्रिणींबरोबर खेळते ना, तेव्हा कानाला हेडफोन लावून नुसता तोंडाचा पट्टा चालू असतो. तुम्हीही एक घ्या. खेळा तिच्याबरोबर, मग बोलेल. तिच्याकडे तो छोटा आहे, हातात धरून खेळायचा, तोच आणा. आणि फार विचार करू नका."

काकांना 'फार विचार करू नका' म्हणणं म्हणजे माशाला 'फार पोहू नकोस' म्हणण्यापैकी. दुसऱ्याच दिवशी ते दुकान जेवणाच्या वेळेला बंद करून चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. सोबतीला मला नेलं.

तिथं एक तरुण विक्रेती होती. चटपटीत आणि स्वभावानं गरीब. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तीन कन्सोल दाखवले. एक मोठा: चित्र अगदी लख्ख, वेग जोरदार, आणि गेमची चकती घालायची सोय, म्हणजे खेळून झाल्यावर चकती कुणाला तरी देता येते. दुसरा मधला: चकतीची भानगडच नाही, महिन्याची वर्गणी भरली की वाचनालयासारखे ढीगभर गेम खुले. तिसरा तो छोटा: हातात धरा, नाहीतर त्याच्या खाचेत बसवून टीव्हीवर बघा.

"छोट्यात दोष काय?" काकांनी सुरुवात केली.

"दोष असा नाही काका, पण चित्र या मोठ्याइतकं बारीक येत नाही. आणि हे कंट्रोलर लहान आहेत, मोठ्या बोटांना जरा अडचण होते. खूप खेळलं की कधीकधी ही दांडी आपोआप एका बाजूला ओढ घेते."

"मग मोठा उत्तम."

"हो. पण मोठा आहे. कपाटात मावला पाहिजे, मागे हवा खेळायला जागा पाहिजे."

"मग मधला."

"मधला छान आहे. पण वर्गणी थांबली की गेम गेले."

तिच्या प्रत्येक वाक्यात 'पण' होता. काकांना इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं. त्यांचा चेहरा खुलला.

त्यानंतर काका जेवणाच्या सुट्टीत तिथं जायला लागले, अगदी नेमानं. एके दिवशी मी त्यांना बोलवायला गेले तर दुकानात घोळका जमलेला. टीव्हीवर गेमचा पहिला पडदा लावलेला होता. काका दूर भिंतीला पाठ लावून उभे, एक डोळा तळहातानं झाकलेला, आणि मोठ्यानं वाचत होते, "नवा खेळ. पुढे चालू. मांडणी..." मग दुसरा डोळा झाकून तेच पुन्हा. लोकांना वाटलं काहीतरी स्पर्धा आहे. एका बाईंनी तर रांगेत उभं राहून आपलाही डोळा झाकला.

"छोट्याची अक्षरं फार बारीक आहेत," काकांनी निकाल दिला. "मोठा स्पष्ट. पण त्याचा पंखा ऐकू येतो."

"मला नाही येत," विक्रेती म्हणाली.

"कान देऊन ऐका. आणि तुम्ही पाटी वाचताना डोळे बारीक करता. तुमचा नंबर वाढलाय. येऊन जा."

ती खरंच गेली. तिला खुर्चीत बसवून काकांनी फ्रेम चढवली आणि काच टाकली. "हे बरं, की हे?"

"पहिलं."

"नीट बघा. हे... की हे?"

"पहिलंच."

"आणि आता?"

"काका, पहिलं. काल पहिलं होतं, आज पहिलं आहे, उद्याही पहिलंच असेल."

घरी आल्यावर काका कितीतरी वेळ कौतुक करत होते. "काय मुलगी आहे! काच पडायच्या आत उत्तर." मग जरा थांबून म्हणाले, "पण इतकी घाई बरी नव्हे."

रात्रीच्या जेवणाला घरात दुसरा विषय उरला नव्हता. काका उजवा तळहात पुढे करायचे, त्यावर गुण. डावा पुढे करायचे, त्यावर दोष. दोन्ही हात असे गुंतल्यामुळे ताटातलं तसंच राहायचं. काकू आधी ऐकत असे, मग नुसती बघत असे, मग एके दिवशी तिनं ताट बाजूला सारलं.

"अहो, पोरीकडे छोटा आहे ना?"

"आहे ना. तो धरलाय मी. छोट्याचा एक गुण म्हणून."

"एक गुण?"

"एकच म्हणायचा तो. चित्र, वेग, आवाज, टिकाऊपणा, हाताला बसणं... इतक्या गोष्टींत हीही एक. फक्त एका गुणावर भाळून वस्तू घेतली की माणूस फसतो."

"मी घेतली होती बाई," काकू म्हणाली. "एकाच गुणावर."

काकांचे दोन्ही तळहात हवेतच राहिले. "कुठल्या गुणावर गं?"

"आठवलं की सांगते."

अखेर काकांनी निवड केली. मोठा! चित्र स्पष्ट, चकतीची सोय, हाताला भक्कम. दोषांचा हात हलका, गुणांचा जड. त्यांनी टीव्हीखालच्या कपाटाची मापं घेतली होती, ती बरोबर निघाली. मी वायरी जोडल्या. डबा सुरू झाला आणि पडद्यावर एक रेघ गोगलगायीसारखी पुढे सरकायला लागली.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"तो स्वतःला नवा करून घेतोय."

"आत्ताच तर नवा आणला!"

रेघ टोकाला पोचली तेव्हा काकूची एक डुलकी झाली होती. चित्र आलं आणि आम्ही सगळे "वा!" म्हणालो. खरंच सुंदर होतं. डोंगरावरचं गवताचं पान न् पान दिसत होतं. काका फ्रेममधून बघितल्यासारखे मान मागे करून बघत होते. आयुष्यात प्रथमच एखाद्या वस्तूबद्दल त्यांना 'पण' सुचत नव्हता. त्यांनी नातीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आणला बरं का गं! आता सांग, तुझा तो गावाचा खेळ कुठं शोधायचा?"

"आणला?" पलीकडून पहिल्यांदाच मोठा आवाज आला. "आजोबा, मी तुमच्यासाठी घर बांधून ठेवलंय नदीजवळ! आजीला अंगणसुद्धा केलंय. लाल रंगाचा गेम आहे बघा, वर घरांचं चित्र."

काका शोधत राहिले. मी शोधलं. तिनं विचारलं, "तुमचा कन्सोल कसा दिसतो?" काकांनी वर्णन केलं. मोठं प्रेमानं केलं.

मग ती म्हणाली, "आजोबा, हा तो नाहीये. आपला गेम यावर येतच नाही. तो फक्त माझ्यासारख्यावर असतो."

"असं होय," काका म्हणाले. आणि मग, "चित्र मात्र फार स्पष्ट आहे गं याचं."

"हं," ती म्हणाली. "आईला देते."

काकू एरवी अशी संधी सोडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तिच्या ओठांवर आलं होतं, मला दिसलं. पण काकांचं तोंड बघून तिनं ते गिळलं आणि उगाच टीव्हीवरची धूळ पुसायला लागली. टीव्हीवर धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात काकांनी एका गिऱ्हाइकाला विचारलं, "हे की हे?" आणि काच बदललीच नाही. गिऱ्हाईक बिचारं म्हणालं, "दोन्ही सारखंच दिसतंय." काका म्हणाले, "तसंच असतं हो." मग खुर्चीच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. मला एवढंच म्हणाले, "तिनं आधीच घर बांधून ठेवलं होतं. मी इकडे पंखा ऐकत बसलो होतो."

उघडलेला डबा दुकान परत घेणार नव्हतं. काका बदलून घेण्याच्या विचारात पडले: मोठा कुणाला विकावा, की थांबावं, की मधला मार्ग काही निघतो का. ही गाडी आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाणार हे ओळखून काकूनं पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "चल गं."

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तिनं दारातूनच सांगितलं, "तो छोटा द्या."

नव्या चष्म्यातल्या विक्रेतीनं तिला ओळखलं नव्हतं. ती सवयीनं सुरू झाली, "काकू, यात गुण असे आहेत, की एक तर..."

"गुण राहू देत. पोरीकडे हाच आहे."

"रंग कुठला देऊ?"

"वर असेल तो."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा विक्रेती आमच्याकडे, चष्मा काढून पुसून पुन्हा घालून, बघत होती. ज्या घरात एक फ्रिज यायला ऋतू बदलावा लागला, त्या घरात आता दोन कन्सोल झाले.

छोट्यावर काका पहिल्यांदा खेळले ते दृश्य सांगायलाच हवं. लहानसा कंट्रोलर त्यांनी काच धरावी तसा दोन बोटांत धरला. नाकावर जवळचा चष्मा, कपाळावर लांबचा. अक्षरं बारीक होती हे त्यांचं म्हणणं खरं निघालं, आणि ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. खेळात त्यांचा एक छोटा माणूस होता, डोक्यावर टोपी घातलेला. तो आल्या आल्या नदीत पडला.

"आजोबा, उडी मारा!"

"कुठली कळ?"

"खालची! मारा ना!"

त्यांनी वरची दाबली. टोपीवाल्यानं नदीत उभं राहून हात हलवून नमस्कार केला. पलीकडे नात हसायला लागली, इतकी की काकांनी हेडफोन काढून ठेवला तरी आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, ती तशीच दारात उभी राहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती दोघं त्या गावात भेटायला लागली. नात धावायची, झाडं लावायची, मासे पकडायची. काका मागून मागून. आणि दोन वाटा आल्या, की काकांचा टोपीवाला उभा. डावीकडे पूल, उजवीकडे जंगल. पूल मोडका दिसतो, पण जवळचा. जंगल लांबचं, पण फळं मिळतात.

"आजोबा, चला ना!"

"थांब गं, बघू दे."

पहिल्यांदा ती चिडायची. मग तिला सवय झाली. आजोबा थांबले की तीही आपल्या बाहुलीला त्यांच्या शेजारी आणून उभी करायची. आणि उभं राहिल्यावर करायचं काय, म्हणून बोलायची. मैत्रिणींबरोबर खेळताना तिला बोलायला लागायचं ते पळता पळता, 'इकडे ये', 'तो घे' असलं. इथं वेळच वेळ होता. दात पडल्याचं सांगितलं. नवीन घराच्या गॅलरीतून काय दिसतं ते सांगितलं. आणि एका संध्याकाळी पुलापाशी उभी असताना सहज म्हणाली, "मला शाळेत कुणी नाहीये."

काकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "म्हणजे?"

"मधल्या सुट्टीत सगळ्यांचे आपापले गट आहेत. मी जिन्यापाशी डबा खाते. एक मुलगी आहे, लांब वेणीवाली. तीपण एकटीच असते, दुसऱ्या पायऱ्यांवर. तिच्याशी बोलू का?"

दुसऱ्या कुणी 'जा, बोल की' म्हटलं असतं. काकांनी उजवा तळहात पुढे केला, तिला दिसत नसूनही. बोललं तर मैत्री होईल, हा गुण. नाही झाली तर वाईट वाटेल, हा दोष. तिला एकटंच आवडत असेल, हाही विचार करायचा. पण तीही कदाचित हाच विचार करत बसली असेल...

"आजोबा, तुम्ही तर सगळं अवघडच करता!" ती म्हणाली, पण हसत.

"अवघड आहेच ते," काका म्हणाले. "सोपं असतं तर तू मला विचारलं असतंस का?"

ती म्हणाली, "नाही." मग दोघं पूल ओलांडून गेली. पूल मोडका नव्हता.

दोन-चार दिवसांनी तिनं आल्या आल्या बातमी दिली. "बोलले मी!"

"काय विचार केलास?"

"विचारच नाही केला. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवायला लागले, पण ते फार लांब होतं. सुट्टी संपली असती. मग सरळ गेले आणि म्हटलं, तुझ्या डब्यात काय आहे?"

काका जरा दुखावले, आणि त्या दिवशी तीन वेळा नदीत पडले. पण जेवताना काकूला तेच तेच सांगत होते, "सरळ गेली म्हणे. आपल्यावर गेली नाही, बरं झालं."

"माझ्यावर गेली," काकू म्हणाली.

मोठ्या कन्सोलचं काय झालं म्हणाल, तर तो काकूनं बळकावला. दुपारी दुकानात काका काचा बदलत असतात तेव्हा ती त्यावर मोटारींच्या शर्यती खेळते. सुट्टीच्या दिवशी ती विक्रेतीही येते. दोघी सोफ्याच्या टोकाला बसून, वळणावर अंग वाकवून, एकमेकींना धडक देतात. काका घरी असले तर मागे उभे राहून सांगतात की या चित्राची तोड छोट्याला नाही, पण माणसं छोट्यावर आहेत. त्यांचा निकाल अजून लागायचा आहे, आणि आता तो लागला नाही तरी कुणाचं अडत नाही. गल्लीतले लोक मात्र कन्सोल घ्यायचा झाला की त्यांचाच सल्ला घ्यायला येतात. काका दोन्ही हात पुढे करून सगळं समजावतात. मग ते लोक निघाले की काकू दारापाशी त्यांना गाठते आणि हळूच विचारते, "खेळणार कुणाबरोबर आहात?"

गेल्या आठवड्यात नात म्हणाली, "आजोबा, उद्या माझी मैत्रीण पण येणार आहे खेळायला. वेणीवाली. तिच्याकडे पण हाच आहे."

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान लवकर बंद केलं. शर्ट बदलला. काकू म्हणाली, "अहो, ती तुम्हाला बघणार नाहीये." तरी बदललाच.

खेळात आता तिघं होती. दोन मुली सुसाट पुढे, काका मागे. टेकडीच्या पायथ्याशी वाट फुटत होती. टोपीवाला थांबला. मुली बऱ्याच पुढे गेल्या, मग एक आवाज आला, नवा, जरा बुजरा, "तुझे आजोबा थांबलेत का गं? अडकले का?"

"नाही," नात म्हणाली. "ते बघतायत. चल, आपण मागे जाऊ त्यांच्यापाशी."

आणि त्या दोघी परत वळून आल्या, काकांच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, आणि शाळेतल्या कुठल्याशा बाईंबद्दल बोलायला लागल्या.